नाचघरातील वाजंत्री आणि सातासमुद्रापलीकडचे उस्ताद

‘वाजंत्री’ या शब्दाच्या वाट्याला आपल्या समाजात एक विचित्र नशीब आले आहे. त्याच्यावाचून लग्न लागत नाही. उंबराचे पाणी आणावयास विहिरीकडे निघालेली मिरवणूक बँडच्या सुरांवाचून अंगणाबाहेर पाऊल टाकीत नाही. गावच्या सणाला तर तो हवाच हवा. आणि तरीही पंगत बसते तेव्हा बँडवाल्यांचे पान शेवटी मांडले जाते. हॉटेलात किंवा मद्यगृहात वाजविणाऱ्याची गत याहूनही बिकट. मुलगा नोकरीस कोठे आहे, या प्रश्नाला “हॉटेलात वाजवतो” असे उत्तर देताना मध्यस्थाचा आवाज आपोआप खाली येई. व्यासपीठांवरूनही नाचघराविरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे आणि त्यातले काही बोलणे रास्तही होते. परंतु नाचघर आणि त्यात वाजविणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक फारसा कोणी पाळला नाही. त्यामुळे झाले असे की, चर्चच्या शाळेत स्वर शिकलेल्या आणि पुढे मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत पोट भरलेल्या एका संपूर्ण पिढीचा इतिहास आपण आपला मानलाच नाही.

त्या इतिहासातील एका प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत अमेरिकेतील काही मुरलेले कृष्णवर्णीय जॅझवादक मुंबई व कलकत्ता येथे येऊन राहिले आणि आपल्याकडील हॉटेलांत वाजविणाऱ्या कलावंतांना त्यांच्याबरोबर बसावयास मिळाले. चर्चच्या शाळेनंतर मिळालेले हे त्यांचे दुसरे शिक्षण. त्या शिक्षणाचे पीक पुढे हिंदी चित्रपटसंगीतात आले आणि ते आपण सर्वांनी खाल्ले; शेतकऱ्याचे नाव मात्र पाटीवर लागले नाही.

प्रथम ‘जॅम’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण या शब्दाभोवती बराच गैरसमज आहे. चार वादक जमले, मद्य प्याले आणि मनाला येईल ते वाजवीत सुटले, असे त्याचे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असते. वस्तुतः ही बैठक आहे आणि तिला बैठकीचेच कडक नियम आहेत. सर्वांना पाठ असलेली एखादी चाल ठरते. ती बहुधा बारा किंवा बत्तीस मोजण्यांच्या आवर्तनाची असते. कोणीतरी पट्टी आणि लय सांगतो. आरंभी सगळे मिळून मूळ चाल वाजवितात. मग एकेक वादक पाळीपाळीने उभा राहतो आणि चालीखालचा कॉर्डचा सांगाडा न मोडता तिच्यावर स्वतःची नवी चाल रचितो, तीही त्याच क्षणी. इतर त्या वेळी साथीत असतात. कधी दोघे चार-चार मोजण्यांचे सवाल-जवाब करतात, कधी ड्रमवाल्याला मोकळे सोडतात. शेवटी सर्वजण पुन्हा मूळ चालीवर येतात. ज्याने ख्यालाची बढत आणि समेवर येणे ऐकले आहे, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. गावच्या भजनी मंडळात एखाद्या रात्री नामवंत बुवा येऊन बसतात तेव्हा काय होते ते आठवावे. टाळ तेच, अभंग तोच. पण बुवांनी एक आलाप घेतला की गावच्या गायकाला आपली चाल कोठवर जाऊ शकते ते प्रथमच दिसते. आणि बुवा त्याच्याकडे पाहून मान डोलावतात, म्हणजे “आता तू घे”. त्या क्षणी त्याची जी धांदल उडते, तेच जॅमचे शिक्षण होय.

हे शिक्षण कधीकधी निष्ठुर असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी हे शहर १९३० नंतरच्या दशकात अशा बैठकांचे माहेरघर होते. तेथे टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याची सत्ता होती आणि त्याच्या कृपेने मद्यगृहे रात्रभर उघडी राहत. साहजिकच वादकांना रात्रभर काम मिळे आणि काम संपल्यावर पहाटेपर्यंत बैठका चालत. १९३६ मध्ये तेथील रीनो क्लबात काउंट बेसीचा वाद्यवृंद वाजवीत असे. त्यातील ड्रमवादक जो जोन्स नावाजलेला होता. एका बैठकीत जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा एक स्थानिक पोरगा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि मध्येच वाट चुकला. जो जोन्सने आपल्या ड्रमवरील झांज काढून त्याच्या पायाशी जमिनीवर आपटली. बैठकीतून उठविण्याची ही त्याची रीत. पोरगा उठला. पुढल्या उन्हाळ्यात डोंगराळ भागातील एका विश्रांतिस्थानी त्याला एका वाद्यवृंदात काम मिळाले. तेथे तो बेसीच्या वृंदातील लेस्टर यंग याच्या ध्वनिमुद्रिका घेऊन गेला आणि त्याचे वादन स्वर न् स्वर पाठ करून परतला. त्या पोराचे नाव चार्ली पार्कर. पुढे जॅझची भाषाच त्याने बदलली. झांज आपटली नसती तर हे घडले नसते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अपमान हा गुरू नव्हे. डोंगरातली ती उन्हाळी तालीम हा गुरू. परंतु आपण कोठे कमी पडतो हे त्या बैठकीवाचून त्याला कळले नसते, एवढे मात्र खरे.

अशा बैठकीस दोन गोष्टी लागतात: आपल्या शेजारी बसू देणारा उस्ताद आणि बसावयास लायक झालेला शिष्य. मुंबईत उस्ताद येण्यापूर्वीच शिष्य तयार होते, आणि ते तयार झाले होते गोव्यातील चर्चमध्ये. सोळाव्या शतकापासून तेथे चर्चला जोडून शाळा चालत. ‘मेस्त्रे’ म्हणून ओळखला जाणारा संगीतशिक्षक गावच्या मुलांना आधी सोल्फेजो, म्हणजे स्वर वाचून गाण्याचे शास्त्र, शिकवी आणि मग हातात व्हायोलिन देई. लॅटिन मिस्सा, सणावारांची मोतेत, मयताची गीते हे सारे या मुलांच्या तोंडी असे. परिणामी कागदावरचे पाश्चात्त्य स्वरलेखन वर्तमानपत्रासारखे वाचणारी माणसे गोव्याच्या खेडोपाडी निर्माण झाली. शेती थोडकी आणि पोटे अधिक, तेव्हा ही माणसे ब्रिटिश हिंदुस्थानात उतरली. पलटणींचे बँड, पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड यांत ती शिरली. मूकपटांच्या काळी पडद्याखाली बसून वाजविणाऱ्यांत त्यांचा भरणा होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि ते काम हळूहळू संपले. धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. तेथे एका ट्रंकेपुरती जागा भाड्याने घेऊन ही मंडळी राहत, आणि कोणत्या हॉटेलात कोणत्या वाद्याची जागा रिकामी आहे याची बातमी तेथेच प्रथम पोहोचे.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. पोप पायस दहावे यांनी चर्चमधील संगीतासंबंधीचे आपले प्रसिद्ध शासनपत्र २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, काढले. ग्रेगोरियन गायनाला त्यांनी अग्रस्थान दिले आणि पियानो, ढोल, झांजा इत्यादी वाद्यांना चर्चमध्ये बंदी केली. सेमिनरीत आम्ही हे पत्र अभ्यासले तेव्हा त्यामागची दृष्टी आम्हांस पटली होती आणि आजही पटते. पण त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात टेडी वेदरफर्ड नावाचे एक कृष्णवर्णीय मूल जन्मले. म्हणजे पियानो आणि ढोल चर्चबाहेर निघाले त्याच सुमारास त्यांना घर आणि धनी दोन्ही मिळाले! योगायोगांना अर्थ चिकटविण्याची आम्हांस हौस नाही. पण गंमत आहे खरी.

ताजमध्ये १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. ॲबी न्यूयॉर्क, दक्षिण अमेरिका आणि युरोप असा फिरून आलेला कसलेला व्यावसायिक होता आणि त्याचे सारे साथीदार कृष्णवर्णीय होते. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ या पन्नाशी ओलांडलेल्या ट्रम्पेटवादकाने ताजमधील वाद्यवृंदाची सूत्रे घेतली. हा गृहस्थ म्हणजे जॅझचा चालताबोलता इतिहास. जॅझ हा शब्द रूढ होण्याआधी, १९१३-१४ मध्ये, न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोप यांच्या वृंदाच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्यांत तो वाजवून गेला होता; पहिल्या महायुद्धानंतर त्याने पॅरिस गाजविले होते. याच काळात येथे आलेला क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन १९२७ साली ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात होता. आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड. १९२६ मध्ये शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरच्या वृंदात तो लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवीत असे. त्याच वर्षी तो पूर्वेकडे निघाला. शांघाय, सिंहलद्वीप, मुंबई, कलकत्ता अशी मजल दरमजल करीत तो पूर्वेचाच झाला. अमेरिकेत त्याचे नाव विसरले गेले.

ही माणसे इतक्या दूर का आली? पैसा हे कारण होतेच. पण मायदेशी ज्या हॉटेलात ती वाजवीत, त्याच हॉटेलात पुढील दाराने शिरण्याची त्यांना बहुधा मनाई असे, हेही विसरता कामा नये. आपल्याकडील वादक ज्यांना उस्ताद मानून पाहत होते, ते स्वतःच्या देशात दुय्यम नागरिक होते. आणि पाहणारे स्वतः परक्या राजवटीचे प्रजाजन होते. नाचणारे साहेब, राजेरजवाडे आणि बडे व्यापारी यांच्या डोक्यावरून या दोन समूहांची दृष्टादृष्ट झाली, असे म्हटले तर ते काव्य ठरू नये. क्रिकेट स्मिथच्या वृंदाने १९३६ मध्ये मुंबईत ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या त्यांत ‘ताज महाल’ या नावाचा एक फॉक्सट्रॉट आहे, आणि त्याचा कर्ता मेना सायलस हा मुंबईचाच बगदादी ज्यू. म्हणजे शहर नुसते ऐकत नव्हते, ते लिहूही लागले होते.

आपल्या वादकांची अडचण कोणती होती, हे समजून घेतल्यावाचून या भेटीचे मोल कळणार नाही. त्यांना वाचता येत होते. प्रश्न कागद संपल्यावर काय करावे, हा होता. लंडन-न्यूयॉर्कहून छापून येणाऱ्या वह्यांवर नाचाची सारी गाणी लिहिलेली असत आणि गोव्याचा वादक ती पहिल्या नजरेत वाजवून मोकळा होई. पण जॅझमधला स्विंग कागदावर उतरत नाही. दोन सारख्या लिहिलेल्या मात्रा वाजविताना सारख्या नसतात. पहिली किंचित लांबते, दुसरी किंचित मागे रेंगाळते, आणि हे ‘किंचित’ किती ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ब्लूजमधला गंधार तर शुद्धही नाही आणि कोमलही नाही. तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहतो. हार्मोनियम आणि पियानो यांना तो सापडत नाही, गळ्याला आणि ट्रम्पेटला सापडतो. ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी टोपी धरून त्याला बोलते कसे करावे, एकाची चाल चालू असता दुसऱ्याने मागे किती हळू बोलावे, आणि सर्वांत अवघड म्हणजे केव्हा गप्प बसावे, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. ज्याने बालपणापासून चुकीच्या स्वराला मेस्त्रेच्या छडीचा मार खाल्ला, त्याला “लिहिले आहे ते वाजवू नकोस” हे ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

अशा बैठकांचे कागदपत्र उरत नाहीत, हा त्यांचा धर्मच आहे. तेथे करार नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते, तिकीट नसते. नाच संपतो, पाहुणे जातात, वेटर खुर्च्या उलट्या टाकू लागतात, आणि मग खरे संगीत सुरू होते. म्हणून या प्रकरणाच्या अभ्यासकाने पाहावयाचे असतात ते वाद्यवृंदांचे नामपट आणि तबकड्यांवरची लेबले. मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ही सामग्री वर्षानुवर्षे गोळा करून ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे आणि ते आमच्यावरही आहे.

नामपट पाहू लागले की चित्र स्पष्ट होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले, प्रवास अवघड झाला, बरेच अमेरिकन वादक परतले, वेदरफर्ड राहिला. कलकत्त्याच्या चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात त्याने जो वृंद उभारला त्यात गोव्याचे, अँग्लो-इंडियन, नेपाळी, आणि जपानी आक्रमणामुळे १९४२ साली ब्रह्मदेशातून निघून आलेले वादक एकत्र बसले होते. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजविणारा रूबेन सॉलोमन रंगूनचा ज्यू. गिटारवादक सेड्रिक वेस्टही रंगूनचाच. ट्रम्पेटवर जॉर्ज बँक्स हा नेपाळी. शिकागोत आर्मस्ट्राँगशेजारी बसलेला माणूस आता या मंडळींच्या मध्ये बसून रोज रात्री पियानो वाजवीत होता. शहरात अमेरिकन पलटणी उतरल्या होत्या. त्यांतले सैनिक घरची आठवण म्हणून ऐकावयास येत. या वृंदाने कोलंबिया कंपनीसाठी ज्या तबकड्या मुद्रित केल्या त्या आजही ऐकता येतात. आपण त्या ऐकाव्यात. कोण अमेरिकन आणि कोण आपला, हे कानाला सांगता येत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. २५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यातच पटकीने वेदरफर्डचा अंत झाला. त्याचे वय ४१ होते.

मुंबईत या शिक्षणाचा झेंडा ज्याने सर्वांत उंच धरला तो बार्देशातील हळदोण्याचा आंतोनियु शावियेर वाझ, १९१६ साली जन्मलेला. जगाने त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखले. ट्रम्पेट वाजवावे ते आर्मस्ट्राँगसारखे, हा त्याचा ध्यास. तबकड्या ऐकून ऐकून त्याने ती फेक, तो घोगरा गळा, तो हातरुमालही आत्मसात केला. ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी त्याला लोकांनी दिली. ती आम्हांस तितकीशी रुचत नाही. स्तुती म्हणून दिलेल्या अशा पदव्यांत माणसाचे स्वतःचे नाव बुडून जाते; एखाद्याला ‘महाराष्ट्राचा शेक्सपिअर’ म्हटले की त्याची नाटके वाचण्याची गरज उरत नाही, त्यातलाच हा प्रकार. चिक नक्कल करीत होता तोवर तो चांगला वादक होता. नक्कल सोडून तो जे करू लागला त्यासाठी त्याला आठवले पाहिजे. ताजमध्ये १९३९ पासून सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वृंद होता. मोंबासात जन्मलेले आणि कराचीत वाढलेले कोरिया हे स्वतः एक विद्यापीठच म्हणावे लागेल, कारण त्या पिढीतले कितीतरी वादक त्यांच्या हाताखालून गेले. त्यांच्या जोडीला रूडी कॉटन. नाव अमेरिकन वाटते, पण हा गृहस्थ पारशी. मूळ नाव कावस खटाव!

मग १९५० साल उजाडले आणि मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्या धोरणाचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. वादकांपुरते सांगावयाचे तर, मद्यगृह गेले म्हणजे त्यातला बँडही गेला. काही हॉटेलांनी कॉफी आणि सरबतांवर निभावले. रविवारी सकाळी-दुपारी कॉलेजच्या मुलामुलींसाठी बँड ठेवून नाच होऊ लागले आणि त्यांनाच लोक ‘जॅम सेशन’ म्हणू लागले. शब्द कसे घसरतात पाहा: वादकांनी गिऱ्हाइके गेल्यावर केलेली साधना ती हीच म्हणावयाची! पण बहुतेकांनी दादर, अंधेरी, ताडदेवच्या स्टुडिओंची वाट धरली.

आणि तेथे त्यांना भेटला पुणतांब्याचा एक मराठी माणूस, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. चितळकरांचे कान मोठे उघडे होते. लावणीची ठसक आणि स्विंगचा झोल यांत त्यांना सोयरिक दिसली. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. १९५१ सालच्या ‘अलबेला’ने भगवानदादांना घराघरांत पोहोचविले, त्या चित्रपटात चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. गिरणगावातल्या मराठी नटाने ज्या तालावर पाय टाकले आणि मराठी मुलुखातल्या तंबू-थिएटरांत ज्यावर शिट्ट्या पडल्या, त्या तालाच्या मागे शिकागो, रंगून आणि हळदोणे ही तीनही गावे उभी होती. पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होते?

स्टुडिओतले काम चाले कसे, तेही सांगतो. संगीतकार हार्मोनियमवर चाल म्हणून दाखवी. गोव्याचा ‘साहाय्यक’ ती कानाने टिपून स्वरलेखनात उतरवी, मग व्हायोलिनांचे, ट्रम्पेटचे, सॅक्सोफोनचे वेगवेगळे कागद लिही, दोन कडव्यांमधल्या जागा स्वतः रचून भरी, आणि दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस वादकांना ते वाजवावयास लावी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात बँड वाजवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तसेच. त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल केली. त्यांचा व्हायोलिनचा शिष्य प्यारेलाल पुढे संगीतकार झाला आणि त्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव सबंध देशाच्या तोंडी बसविले. पण लोकांना वाटले, ते नाव एका विनोदी पात्राचे आहे! चिकचा मृत्यू १९६७ साली झाला. ‘नादान’, ‘रंगीली’, ‘कर भला’ या तीन चित्रपटांना त्याने स्वतंत्रपणे संगीत दिले होते. एवढ्याच जागी त्याचे नाव पाटीवर आहे. एरवी ते श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत, अथवा नाहीच.

उस्ताद पुन्हा आले ते स्वतंत्र भारतात, आणि या वेळी अमेरिकन सरकारच्या खर्चाने. शीतयुद्धाचा काळ होता; रशिया नर्तक पाठवी, अमेरिका जॅझ. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक यांची चौकडी आली. हॉटेलच्या वाद्यवृंदात बसण्यासाठी कोणी आता येत नव्हते, कार्यक्रम मोठ्या सभागृहांत होत. पण ब्रूबेक मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत बसले, आणि तेथे बाजू उलटली. राग म्हणजे काय, त्यात कोणता स्वर वर्ज्य आणि का, हे विचारणारा आता सातासमुद्रापलीकडचा व्यावसायिक होता. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आले, १९६४ मध्ये साक्षात आर्मस्ट्राँग. एलिंग्टनच्या त्या काळच्या वृंदात पॉल गोन्साल्विस नावाचा सॅक्सोफोनवादक होता. आडनाव ऐकून आपल्याकडील अनेकांना तो गोव्याचाच वाटे. तो होता केप व्हर्द बेटांवरून अमेरिकेस गेलेल्या कुटुंबातला. एकाच पोर्तुगीज साम्राज्याने दोन खंडांतल्या दोन घरांना एकच आडनाव दिले आणि दोन्ही घरांनी वाद्य हाती घेतले.

कोकणी गीतांत हा सारा वारसा ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी उतरविला. त्यावर आधारलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट अलीकडे पुष्कळांनी पाहिला असेल. त्याविषयी गोव्याकडील मंडळी आमच्यापेक्षा अधिकाराने लिहितील. आम्हांस त्यापेक्षा वेगळ्या गोष्टीचे कुतूहल आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम आमच्या वसईच्या लग्नांतही आहेत; रात्रीच्या मांडवात स्विंगच्या चालीवर आजीबाईसुद्धा पाय धरतात. त्या चाली येथवर कोणी आणल्या? मुंबईच्या हॉटेलांतून आणि स्टुडिओंतून परतलेल्या, लोकलच्या शेवटच्या गाडीने वाद्याची पेटी मांडीवर घेऊन आलेल्या माणसांनी. त्यांतली काही आज हयात आहेत. त्यांच्या कपाटांत जुन्या वह्या आहेत, फोटो आहेत. कोणी होतकरू अभ्यासकाने वही-पेन घेऊन त्यांच्या ओटीवर बसण्याची वेळ निघून चालली आहे.

१९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. पहिल्या यात्रेला सॅक्सोफोनचे सम्राट सॉनी रोलिन्स आले. स्थळ होते धोबी तलावाचे रंगभवन, उघड्या आकाशाखालचे. तेथून गोवेकरांच्या कुडी हाकेच्या अंतरावर. त्या वर्षांत भारतीय वादकांच्या अग्रभागी जी दोन नावे दिसतात त्यांपैकी एक नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांचे आहे. दुसरे पियानोवादक लुईझ बँक्स यांचे. वेदरफर्डच्या कलकत्त्यातील वृंदात ट्रम्पेट वाजविणाऱ्या जॉर्ज बँक्स यांचे ते चिरंजीव, १९४१ साली दार्जिलिंगला जन्मलेले. जॉर्जचा नातू जिनो बँक्स ड्रम वाजवितो.